मी गाळलेली ओळ

आमच्या घरात कानडी वाचता येणारी मी एकटी. माझं माहेर कलबुर्गीकडचं, शाळा कानडीतून झाली. सासर बीदर जिल्ह्यात, अगदी सीमेवरच्या एका खेड्यात. इथे घरात, शेतात, दुकानात सगळं मराठी. बाजारापुरतं कानडी सगळेच बोलतात, भांडायचं असेल तर उर्दूही येते. पण सरकारी कागद समोर आला की माझा नवरा आणि दीर दोघंही तो दोन बोटांत असा धरतात, जणू त्याला वास येतोय. दोघंही मराठी शाळेत शिकलेले. मग हाक येते, "अगं, बग बरं काय लिव्हलंय." लग्न होऊन आले तेव्हापासून जमिनीची पहाणी म्हणजे सातबारा, रेशनकार्ड, विजेचं बिल, पंचायतीची नोटीस, सगळं या घराला माझ्या तोंडून कळत आलं आहे. सासूबाईंना तर अक्षरओळखच नाही. त्या चारचौघींत सांगायच्या, आमची थोरली सून म्हणजे घरातला तलाठी. मला त्याचा गर्व होता. आता तो आठवला की तोंड कडू होतं.

हे सगळं माझ्या धाकट्या जावेविषयी आहे, आणि तिला दुसरं मूल का झालं नाही याविषयी. त्यातला माझा वाटा मला कुणी विचारलेला नाही. मीच सांगते.

आधी माझं सांगायला हवं, नाहीतर मी अशी का वागले ते कळणार नाही. दोन मुलगे झाले तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. धाकटा दीड महिन्याचा असताना सासूबाईंनी चहा पिता पिता सांगितलं, बुधवारी सरकारी दवाखान्यात ऑपरेशनचा कॅम्प आहे, जायचं. विचारलं नाही, सांगितलं. आमच्याकडे बाईचं ऑपरेशन ही विचारायची गोष्टच नाही. दोन झाली, त्यात मुलगा आहे, की करून टाकायचं. बसमध्ये शेजारी बसलेली अनोळखी बाईसुद्धा मुलं किती ते विचारते आणि लगेच, "आपरेशन झालं?" असं विचारते, जेवण झालं का विचारावं तसं. पुरुषाचंही ऑपरेशन होतं, ते सोपं असतं, असं त्या दवाखान्याच्या भिंतीवर चित्रासकट लिहिलेलं होतं. मी नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "गप बस. पोती उचलावी लागतेत मला."

भिंतीवर आणखीही लिहिलेलं होतं. गोळ्या, तीन महिन्यांचं इंजेक्शन, आणि तांबी. कानडीत तिला वंकी म्हणतात. ती आत बसवायची, पाहिजे तेव्हा काढता येते, आणि काढली की पुन्हा मूल होऊ शकतं. रांगेत बसून मी ती ओळ तीनदा वाचली. पाहिजे तेव्हा काढता येते. मला आणखी मूल हवं होतं अशातला भाग नाही. पण पुढे कधी वाटलं तर, एखादी मुलगी असावी असं मनात आलं तर, एवढा तरी निर्णय माझ्याकडे राहिला असता. नर्सला विचारलं. ती म्हणाली, दोन मुलगे आहेत ना, मग कायमचं करून मोकळी हो, तांबी कशाला लावून घेतेस मागे. दुपारी आम्ही दहा-बारा जणी सतरंजीवर ओळीनं पडलेल्या होतो. घरी आल्यावर माहेरून साडी आली, डिंकाचे लाडू आले, महिनाभर कुणी मला जड उचलू दिलं नाही. खूप लाड झाले. मी मोरीत नळ सोडून रडायची आणि डोळे लाल का विचारलं तर साबण गेला म्हणायची.

त्यानंतर तीन वर्षांनी धाकटी जाऊ आली. उदगीरकडची, बारावी झालेली, अंगानं बारीक, बोलायला तिखट. कानडी म्हणजे तिला 'या' आणि 'जा' एवढंच कळायचं, तेही हातवारे बघून. ती मला अक्का म्हणायची. या घरात मला पहिल्यांदा कुणीतरी बोलायला मिळालं. तूर निवडायला बसलो की तिची टकळी सुरू. तिला शिवणकाम शिकायचं होतं, फॉल-पिको नाही, चांगले पंजाबी ड्रेस, ब्लाऊज, सगळं. दिवस गेले तेव्हा सहाव्या महिन्यात ती एकदा सूप खाली ठेवून मला म्हणाली, "मला लगेच दुसरं नको, अक्का. तीन-चार वर्सं तरी न्हाई."

मी म्हणाले, "इथं तुला कोण इचारायलंय?"

"न्हाई इचारलं तर आपणच आपलं करायचं," ती म्हणाली.

ते बोलणं माझ्या डोक्यात घट्ट बसलं. नसतं बसलं तर बरं झालं असतं.

बाळंतपणाला ती माहेरी जायची होती. पण जायच्या आधीच, आठव्या महिन्यात, कळा सुरू झाल्या आणि तिला सरकारी दवाखान्यात न्यावं लागलं. माझ्या दोन्ही मुलांना कांजिण्या निघालेल्या, म्हणून मला घरी थांबावं लागलं. सासूबाई गेल्या, पण त्यांना आत येऊ दिलं नाही. त्या बाहेर बाकावर बसून राहिल्या. मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी जीपनं सगळे घरी आले. जावेला ओसरीवर बाजेवर बसवलं, मुलीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि सासूबाईंनी पिशवीतून दवाखान्याचं कार्ड काढून माझ्यापुढे धरलं.

"वाच बरं. सुया कवा कवा टोचायच्यात?"

दीर उभा होता, नवरा उभा होता. मी वाचायला लागले. मुलीचं वजन. जन्माची वेळ. पहिली लस, दुसरी लस. आईनं लोहाच्या गोळ्या घ्याव्यात. आणि सगळ्यांत खाली, नर्सच्या घाईच्या अक्षरात, एक ओळ होती: वंकी घातली आहे, सहा आठवड्यांनी तपासणीस यावे.

मी थांबले. मान वर करून जावेकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती. खूप दमलेली होती, आणि ती जराशी हसली. मला वाटलं ती मला सांगते आहे, अक्का, हे वाचू नको. आपणच आपलं करायचं म्हणाली होती, आणि करून आली होती. सासू दाराबाहेर बसलेली, कानडीचं एक अक्षर येत नाही, तरी या पोरीनं नर्सला गाठून तांबी बसवून घेतली. मला फार आनंद झाला. जे मला तेविसाव्या वर्षी जमलं नव्हतं ते हिनं बाविसाव्या वर्षी करून दाखवलं होतं.

"बास? एवढंच?" सासूबाईंनी विचारलं.

"एवढंच," मी म्हणाले. आणि लसीच्या तारखा मलाच बघाव्या लागतात असं सांगून कार्ड माझ्या ट्रंकेत ठेवून दिलं.

त्याबद्दल मी तिला एक शब्दही विचारला नाही, सहा आठवड्यांच्या तपासणीचंही तिचं ती बघेल म्हटलं. आमच्यात असलं कुणी बोलत नाही. बोललं की फुटतं, आणि न बोलणं हीच तिला मोठी मदत, असं मी धरून चालले. खरं सांगायचं तर मला ते न बोलणं गोड लागत होतं. आम्हा दोघींचं एक गुपित आहे, असं मी पुढे चार वर्षं समजत होते. त्या गुपितात मी एकटीच होते. तिला काहीच माहीत नव्हतं.

मुलगी दीड वर्षाची झाली तशी विचारणा सुरू झाली. आधी सासूबाई, मग शेजारच्या, मग दीर. काही दिवसांनी जाऊही म्हणायला लागली, "आता व्हायला पायजे हो, अक्का." मला वाटलं, वा, काय बेमालूम बोलते. मग तिनं सोमवार धरले. आम्ही लिंगायत, घरात सगळ्यांच्या गळ्यात लिंग, तरी सासूबाईंनी तिला दर्ग्यात नेऊन नाडा बांधला. नवस बोलताना आमच्याकडे असला भेद कुणी करत नाही. कुणा वैदूनं दिलेली पुडी ती रोज सकाळी अनशापोटी घ्यायची आणि मोरीत जाऊन ओकायची. मी तिच्या उपासाच्या ताटात भगर वाढायची आणि मनात म्हणायची, बये, किती करशील, थोडं कमी केलंस तरी चालेल. एकदा मला हसू आवरलं नाही. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि परत खाली घातली. मी तेही कौतुकातच घेतलं.

हळूहळू तिला बारशाला पाळण्यापाशी जाऊ देईनात. एकावर थांबलेल्या बाईला काकवंध्या म्हणतात, तो शब्द मी सासूबाईंच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. त्या वाईट आहेत असं नाही. त्यांना खरोखर भीती वाटायची, दुसऱ्यांच्या लेकराला काही झालं तर आपल्या घरावर येईल अशी. मी मध्ये पडायची, भांडायची. तिच्या वाट्याची कामं ओढून घ्यायची, तिला पडून राहा म्हणायची. घरात सगळे म्हणायचे, या दोघी जावा नाहीत, बहिणी आहेत.

आता जे लिहिते ते लिहिताना हात जड होतो. तिसऱ्या वर्षी सासूबाईच एक दिवस म्हणाल्या, "बीदरला एका बाईडाक्टरकडं दावून आणू हिला. मशिनीवर पोटातलं समदं दिसतंय म्हणं." मला वाटलं, मशिनीवर तांबी दिसणार, आणि घरात कळलं की ही मेली. मी आडवी आले. "वय काय हो तिचं, आत्याबाई? डाक्टर लोकांना कायतरी रोग काढायलाच पायजे. एक झालंय न्हवं, दुसरं बी हुईल." असं आणि याच्या दुप्पट बोलले. माझं बोलणं घरात चालायचं. सासूबाईंनी विषय सोडला.

जाऊ दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "दावून आणलं तर बरं झालं असतं, अक्का."

मी तिच्याकडे बघून डोळा मिचकावला. होय, डोळा मिचकावला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तिची पाळी त्या बाळंतपणापासूनच जड झाली होती. चौथ्या वर्षी तर अंगावरून इतकं जायला लागलं की ती कंबर धरून भिंतीला टेकून बसायची. ओठ पांढरे पडले. मला वाटलं, आता ही काढून घेईल. वाट बघून बघून एकदा मोरीवर मी म्हणाले, "आता बास कर की. मोकळी हो." ती म्हणाली, "कशी होऊ?" आणि रडायला लागली. मला वाटलं, घरच्यांच्या नकळत दवाखान्यात जायचं कसं हा तिचा घोर आहे. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "मी हाय." काय उपयोगाची होते मी, ते मला त्या वेळी कळायला हवं होतं.

शेवटी दिरानंच मनावर घेतलं. सीमेपलीकडच्या एका मोठ्या गावात खासगी दवाखाना होता. तिकडे डॉक्टर मराठी बोलतो, आपल्याला नीट समजतं, म्हणून आमच्या भागातली पुष्कळ माणसं पलीकडेच जातात. सोबत बाईमाणूस हवं म्हणून मी गेले. मशिनीवर तपासणी झाली. डॉक्टरनं दिराला एकट्याला आत बोलावलं. तो बाहेर आला आणि म्हणाला, पिशवी खराब झाली आहे, ठेवली तर पुढे कॅन्सर होईल, काढायला सांगितली आहे. बाकावर आमच्याशेजारी बसलेल्या दोघींनाही हेच सांगितलेलं होतं. एक जण तर तीस वर्षांचीही नसेल. ही सव्वीस वर्षांची होती.

"मग लेकरू?" जावेनं विचारलं.

"आता कुठलं लेकरू," दीर म्हणाला.

तिला आत न्यायच्या सकाळी, हिरवा झगा घालून ती पलंगावर बसलेली असताना, मी तिच्या कानाशी लागून विचारलं, "डाक्टरला सांगितलंस न्हवं?" ती म्हणाली, "काय?" दीर दोन हातांच्या अंतरावर उभा होता. मला वाटलं, तो ऐकेल म्हणून ही वेड घेऊन पेडगावला जाते आहे. तेवढ्यात नर्स आली आणि तिला घेऊन गेली. आणखी एक वाक्य बोलले असते तर तिची पिशवी वाचली असती. तो विचार करायचं मी आता सोडून दिलं आहे, म्हणजे रोज सोडून देते.

तासाभरानं आम्हा दोघांना आत बोलावलं. काढलेला भाग नातेवाइकांना दाखवायची पद्धत असते, आम्ही खरंच काढला हे कळावं म्हणून. स्टीलच्या ट्रेमध्ये पिशवी होती, वांग्याएवढी. डॉक्टरनं चिमट्यानं एक लहानशी वस्तू उचलली, दोन दोरे लोंबणारी. "ही आत होती. मूल होत नाही म्हणता, आणि आत तांबी? आधी सांगायचं ना."

मशिनीवर त्याला ती दिसली नसेल हे मला पटत नाही. पुढे मला एका नर्सनं सांगितलं, दोरा धरून ओढली की तांबी बाहेर येते, पाच मिनिटांचं काम, भूलही द्यावी लागत नाही. सूज असेल तर औषधानं उतरते. पाहिजे तेव्हा काढता येते, असं भिंतीवर लिहिलं होतं. कुणाला पाहिजे तेव्हा, ते लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती नीट शुद्धीवर आली, तर दीर पलंगाच्या पायाशी उभा. टाके ओले होते तिचे. "चार वर्सं माझ्या आईला नवस बोलायला लावलंस," तो म्हणाला, "अन् पोटात तांबी घालून बसलीस व्हय?"

"काय घालून?" तिनं विचारलं.

त्यानं सांगितलं. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग तिनं माझ्याकडे बघितलं. त्या चेहऱ्यावर लपवलेलं काही नव्हतं. एखाद्या परक्या गावात रस्ता चुकलेल्या माणसासारखी ती आमच्याकडे आळीपाळीनं बघत होती. त्या क्षणी मला सगळं कळलं. पहिल्या दिवसापासूनचं.

मी बोलले नाही. घरी येईपर्यंत बोलले नाही, आणि घरी आल्यावरही आठवडाभर बोलले नाही. मनाला सांगत होते, टाके सुकू देत, मग सांगू. खरं कारण वेगळं होतं. या घरात माझ्या शब्दाला वजन आहे, ते घालवायची मला भीती वाटली. सासूबाई ओसरीवर बसून, मी माझ्या हातानं नाडा बांधला, मी देवाला दोष दिला, असं म्हणत रडत होत्या. दीर बायकोशी बोलत नव्हता. ती ज्याला त्याला सांगत होती, "मी बसवली न्हाई, मला म्हाईत न्हाई." कुणाचाही विश्वास बसत नव्हता. शरीरात एवढी वस्तू घालतात आणि बाईला कळत नाही, हे कसं शक्य आहे, असं सगळ्या बायाच म्हणत होत्या. त्या सगळ्याही न विचारता कॅम्पात सतरंजीवर पडून आलेल्या होत्या, तरी.

मी सरकारी दवाखान्यात गेले. नर्स दुसरी होती. तिनं जुना फॉर्म काढून दाखवला. सगळा कानडीत, आणि खाली जावेची मराठीतली सही, वाकडीतिकडी, एक अक्षर रेषेबाहेर गेलेलं. "विचारूनच घालतात," नर्स म्हणाली. "सही आहे बघा." विचारलं असेलही, कानडीत, कळा चालू असताना. आणि तिनं मान हलवली असेल. त्या वेळी तिला कुणी काहीही विचारलं असतं तरी तिनं मान हलवली असती. नर्सशी मी भांडले नाही. वरून आकडा मागतात, आम्ही काय करणार, असं ती आपणहून म्हणाली.

ऑपरेशननंतर बाराव्या दिवशी जावेचा भाऊ तिला न्यायला आला. न्यायला म्हणजे कायमचंच; दिरानं तसं फोनवर कळवलं होतं, आणि घरात त्याच्या दुसऱ्या सोयरिकीची कुजबुज सुरू झालीच होती. दुपारची जेवणं झाली, सगळे ओसरीवर बसले. तेव्हा मी ट्रंकेतून कार्ड काढून आणलं आणि सगळं सांगितलं. ही ओळ इथे लिहिलेली आहे. त्या दिवशी मी ती वाचली होती आणि मुद्दाम गाळली. हिला ठाऊक आहे असं मी समजले. हिला ठाऊक नव्हतं. हिनं कुणाला फसवलेलं नाही. दोष द्यायचा तर मला द्या.

सगळं ऐकून दीर हसला. "वैनी, हिला वाचवायला आता असं बोलायलाव व्हय?"

"खरं सांगायलेय मी."

"तुमी दोघी पैल्यापासून एक. समद्या गावाला म्हाईत हाय."

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांचा आवाज अगदी शांत होता. "बीदरला न्यायचं म्हनलं तवा तूच आडवी आलतीस. कामून आलतीस ते आता कळलं मला. दोघींनी मिळून केलं."

मी बोलत राहिले आणि प्रत्येक वाक्यागणिक धाकटी जाऊ आणखी खोलात जात होती. तिची कामं मी ओढून घेतली होती, तिच्या बाजूनं भांडले होते, तिला पडून राहा म्हणाले होते. ते सगळं एकेक करून त्यांनी तिच्या विरोधात मांडलं. चार वर्षं खोटं वागले तेव्हा माझा शब्द प्रमाण होता. खरं बोलले तर त्याची किंमत शून्य झाली. शेवटी नवरा म्हणाला, "गप बस," आणि मी गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या कपड्यांची पिशवी घेऊन फाट्यापर्यंत गेले. भाऊ पुढे उभा राहून गाडीची वाट बघत होता. मुलगी तिच्या पदराला धरून उभी होती. तिला उचलून घ्यायला जाऊ वाकली आणि टाक्यांवर हात ठेवून तशीच सरळ झाली. मी मुलीला घ्यायला पुढे झाले, तर तिनं तिला मागे ओढलं.

"मला वाटलं तुला म्हाईत हाय," मी म्हणाले. "मी तुझ्याच बाजूनं होते."

ती रस्त्याकडे बघतच म्हणाली, "एकदा इचारायचं होतंस, अक्का. मोरीवर, शेतात, कुठंबी. चार वर्सांत एकदा."

"आपल्यात कुठं बोलतेत असलं?"

"मी बोलले होते की," ती म्हणाली. "पोटुशी होते तवा तुलाच बोलले होते. मला लगेच दुसरं नको म्हनलं होतं. न बोलायला काय झालं होतं आपल्यात?"

लांबून गाडी येताना दिसली. भावानं हात केला.

"तुला इचारायचंच नव्हतं," ती म्हणाली, आणि आता तिनं माझ्याकडे पाहिलं. आवाज चढलेला नव्हता. "मी घरादाराला फसवायलेय असं तुला वाटत होतं, अन् ते तुला आवडायलं होतं. तुझं तुला जमलं न्हाई, ते माझ्यात बगत बसलीस. मी उपाशी असायची अन् तू हसायचीस. मी म्हणायची, अक्काला माझी कीव येते."

भावानं माझ्या हातातली पिशवी घेतली. ती मुलीला पुढे घालून गाडीत चढली आणि पलीकडच्या बाजूच्या खिडकीशी जाऊन बसली.

तिचं खरं होतं. मला ते आवडत होतं.